मावळतीकडचे नायक

मुलांनो, इंग्रजी चित्रपटांत 'वेस्टर्न' नावाचा एक प्रकार आहे. वेस्टर्न म्हणजे पश्चिमेकडचा. अमेरिकेच्या पश्चिम भागातली मोठमोठी कुरणे, घोड्यावर बसलेले गुराखी, लाकडी घरांचे एखादे छोटेसे गाव, आणि जमिनीवरून किंवा गुरांवरून पेटलेले भांडण, एवढे या चित्रपटांत बहुतेक वेळा असतेच. शेवटी एक शूर माणूस बंदूक काढतो, दुष्टांना ठार करतो आणि घोड्यावर बसून दूर निघून जातो. जगभरातल्या लोकांनी असे चित्रपट आवडीने पाहिले. आपल्याकडच्या १९७५ सालच्या 'शोले'वरही या चित्रपटांची छाप आहे. त्यातली माळराने, घोडे आणि डाकू तुम्हांला ठाऊकच असतील.

आता आपल्या पुणे जिल्ह्यातला एक शब्द पाहू. तो शब्द आहे 'मावळ'. सूर्य ज्या बाजूला मावळतो ती मावळती. त्या बाजूचा, सह्याद्रीच्या कुशीतला मुलूख तो मावळ, असे या नावाबद्दल सांगतात. तुमच्या उर्दूत 'मगरिब' हा शब्द पश्चिम दिशेलाही वापरतात आणि सूर्य मावळण्याच्या वेळेलाही. म्हणजे वेस्टर्न, मगरिब आणि मावळ हे तिन्ही शब्द एकाच दिशेकडे बोट दाखवतात.

दिशेचे सोडा, गोष्टही तीच आहे. मावळातही जमिनीवरून मोठा झगडा झाला. तिथेही एका बाजूला गरीब शेतकरी होते आणि दुसऱ्या बाजूला पैसेवाले, बळकट लोक होते. तिथेही पिस्तूल निघाले. पण मावळच्या गोष्टीतला नायक चित्रपटातल्या नायकापेक्षा फार वेगळा होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात आणि खरा शूर कोणाला म्हणायचे ते ठरवावे, यासाठी हा लेख आहे.

आधी चित्रपटाची गोष्ट ऐका. १९५३ साली 'शेन' नावाचा चित्रपट आला. जॅक शेफर या लेखकाच्या कादंबरीवरून जॉर्ज स्टीव्हन्स या दिग्दर्शकाने तो काढला. शेनचे काम ॲलन लॅड या नटाने केले. वेस्टर्न चित्रपटांत त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

गोष्ट वायोमिंग प्रांतातल्या एका खोऱ्यात घडते. अमेरिकेच्या सरकारने १८६२ साली एक कायदा केला होता. पाच वर्षे एका जागी राहून जमीन कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. अशी जमीन घेऊन काही शेतकरी कुटुंबे या खोऱ्यात राहू लागतात. जो स्टारेट हा त्यांपैकी एक. त्याची बायको मॅरियन आणि लहानगा मुलगा जोई. खोऱ्यात रायकर नावाचा गुरांचा मोठा मालक असतो. त्याची गुरे आजवर सगळ्या खोऱ्यात मोकळी चरत आली आहेत. शेतकऱ्यांची कुंपणे त्याच्या डोळ्यांत खुपतात. तो धमक्या देतो. त्याची माणसे शेतांची नासधूस करतात. तेवढ्याने भागत नाही म्हणून तो विल्सन नावाचा भाडोत्री मारेकरी बोलावतो. विल्सन एका शेतकऱ्याला चिखलाच्या रस्त्यावर भरदिवसा गोळी घालतो.

याच दिवसांत शेन नावाचा एक अनोळखी घोडेस्वार स्टारेटच्या घरी कामाला राहिलेला असतो. बंदूक चालवण्यात तो तरबेज आहे, पण ते आयुष्य त्याला मागे टाकायचे आहे. शेवटी त्याला पुन्हा बंदूक हाती घ्यावी लागते. तो एकटा जातो, विल्सनला आणि रायकरला ठार करतो आणि रात्रीच्या अंधारात डोंगराकडे निघून जातो. छोटा जोई त्याला हाका मारत राहतो.

चित्रपट चांगला आहे यात शंका नाही. तो पाहू नका असे मी म्हणणार नाही. बंदुकीमुळे माणूस कसा मरतो आणि मारणाऱ्याचेही आयुष्य कसे नासते, हे त्यात स्पष्ट दाखवले आहे. ज्याने माणूस मारला त्याला पुन्हा साधेसुधे जगता येत नाही, हे शेनला कळते, म्हणून तर तो जातो. पण पाहणाऱ्यांच्या मनात काय उरते? विजेच्या वेगाने पिस्तूल काढणारा शेनचा हात उरतो. मुले घरी येऊन बोटांची बंदूक करतात. शेतात राबणाऱ्या स्टारेटची नक्कल कोणी करीत नाही.

म्हणून असा कोणताही चित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. ही जमीन आधी कोणाची होती? तिच्यावर रोज राबते कोण? आणि लढाई संपल्यावर गावात कोण राहते?

पहिला प्रश्न घेऊ. 'शेन'मध्ये रायकर म्हणतो की आम्ही आधी आलो, आम्ही हा मुलूख राहण्याजोगा केला, म्हणून तो आमचा. स्टारेट त्याला आठवण करून देतो की तुमच्याही आधी इथे माणसे येऊन गेली होती. उत्तर चोख आहे, पण ते पुरे नाही. त्या मुलखात शोशोनी, अरापाहो, शायेन असे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. सरकारी फौजांनी आणि मोडलेल्या करारांनी त्यांना तिथून हटवले. नंतर तीच जमीन 'मोकळी' म्हणून वाटण्यात आली. चित्रपटात रायकर आणि स्टारेट भांडतात, पण ज्यांची ती भूमी होती ते पडद्यावर दिसतच नाहीत. एखादी जमीन मोकळी आहे असे कोणी म्हणाले, तर ती कोणी मोकळी केली हे विचारायला हवे.

दुसरा प्रश्न राबणाऱ्यांचा. 'काऊबॉय' या शब्दाचा सरळ अर्थ गुरे राखणारा पोरगा, म्हणजे आपला गुराखी. खरा काऊबॉय बंदूकबाज नव्हता, तो मजूर होता. १८६७ सालापासून टेक्सासमधली गुरे शेकडो मैल हाकत उत्तरेकडच्या रेल्वे स्टेशनांवर नेली जाऊ लागली. दोन-तीन हजार गुरांच्या कळपामागे दहा-बारा माणसे असत. महिनोन्‌महिने ती धुळीत, पावसात, उन्हात घोड्यावर बसून असत. रात्री पाळीपाळीने जागत. नद्या ओलांडताना काही बुडून मरत, काही बिथरलेल्या गुरांच्या पायांखाली सापडत. महिन्याचा पगार जेमतेम असे. त्यांत गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक होते, मेक्सिकोचे लोकही होते. दोर फेकून जनावर पकडण्याची कला आणि 'रँच' हा शब्दसुद्धा मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांकडून आला. १८७४ नंतर काटेरी तारेची कुंपणे पसरली, रेल्वे जवळ आली, आणि १८८६-८७च्या भयंकर हिवाळ्यात कुरणांवरची असंख्य गुरे मेली. कळप दूरवर हाकत नेण्याचा तो काळ मग लवकरच संपला. चित्रपटांनी मात्र या कष्टकरी मजुराला रुबाबदार नायक करून टाकले.

आपल्या मावळातला गुराखी असाच कष्टाळू. इथला पाऊस मुसळधार. एके काळी डोक्यावर इरले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन तो गुरांमागे डोंगरावर जाई. इथली शेती भाताची. चिखलणीला बैल हवेत, खताला शेण हवे, म्हणून गुरे म्हणजे शेतकऱ्याची अर्धी दौलत. पठारांवर धनगरांचे वाडे असत. डोंगरउतारांवर कातकरी, ठाकर, महादेव कोळी राहत. त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर जमीन कधीच नव्हती. त्यांचे जगणे मात्र त्याच जमिनीवर होते.

तिसरा प्रश्न लढाईचा आणि तिच्यानंतरचा. वायोमिंगमध्ये गुरांचे मोठे मालक आणि छोटे शेतकरी यांच्यात खरोखरच लढाई झाली होती. ती १८९२ साली जॉन्सन परगण्यात झाली. मोठ्या मालकांनी पन्नासच्या आसपास हत्यारबंद माणसे जमवली. त्यांत टेक्सासहून पैसे देऊन आणलेले बंदूकबाज होते. त्यांनी सुरुवातीलाच दोघांना ठार केले. मग काय झाले? डोंगरातून कोणी शेन धावून आला नाही. गावोगावचे शेकडो लोक एकत्र आले आणि त्यांनी त्या टोळीलाच घेरले. शेवटी सरकारने घोडदळ पाठवले आणि त्या टोळीची सुटका झाली. पुढे खटला उभा राहिला, पण मालकांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. खऱ्या इतिहासात गावाला कोणा एकट्या माणसाने वाचवले नाही. वाचवले ते माणसांच्या जमावाने. आणि न्याय तर बंदुकीनेही मिळाला नाही.

आता मावळात येऊ.

मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून येई, महाग पडे आणि धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून, ते पाणी घाटाखाली सोडून वीज करावी, ही कल्पना टाटांनी उचलली. १९११ साली लोणावळ्याला या कामाची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी साठवून ते मोठ्या नळांतून खोपोलीला उतरवले आणि १९१५ साली मुंबईला वीज मिळू लागली. ही कामगिरी मोठी होती हे मान्य केलेच पाहिजे. तिच्यामुळे हजारो माणसांना काम मिळाले, शहर उजळले. आज लोणावळ्याला येणारे पर्यटक ज्या तलावांच्या काठी फोटो काढतात, त्यांतले काही तलाव या कामासाठीच झाले. पण पाण्याखाली भातखाचरे जातात आणि घरेही जातात, हे फोटोत दिसत नाही.

मग पाळी आली मुळशीची. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मोठे धरण बांधायचे ठरले. पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार होती. गावकऱ्यांना कोणी विचारले नाही. जमीन कायद्याने ताब्यात येण्याआधीच कंपनीच्या माणसांनी शेतात चर खणायला सुरुवात केली. एका शेतकऱ्याने त्याला हरकत घेतली. तेव्हा एका इंग्रज इंजिनिअरने त्याला पिस्तुलाचा धाक दाखवला.

मुलांनो, क्षणभर थांबा. चित्रपट असता तर या जागी काय झाले असते? घोड्याच्या टापा वाजल्या असत्या. एखादा शेन आला असता आणि त्या इंजिनिअरच्या हातातले पिस्तूल उडाले असते. मुळशीत तसे झाले नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे मोठ्या संख्येने धरणाच्या कामावर गेले आणि तिथेच बसून राहिले. त्यांच्या हातात शस्त्र नव्हते. काम बंद पडले.

त्यांची घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. हे शब्द नीट ऐका. जान आणि जमीन हे दोन्ही शब्द तुमच्या उर्दूत जसेच्या तसे आहेत. जमीन, मालक, हक्क, कब्जा, फिर्याद, तहसील हे सगळे शब्द मराठीनेही आपलेच मानले आहेत. एका भाषेत शिकलेली मुले दुसऱ्या भाषेला परकी समजतात. पण शेतकऱ्याने आपले दुःख मांडताना कधी शब्दांची जात पाहिली नाही. जमीन जाते तेव्हा ती मराठीत जाते की उर्दूत, याने काय फरक पडतो?

या सत्याग्रहाचे पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव असे सहकारी त्यांच्याबरोबर होते. बापट मूळचे पारनेरचे. शिक्षणासाठी ते विलायतेला गेले होते आणि तिथल्या क्रांतिकारकांबरोबर बाँब तयार करण्याची विद्या त्यांनी मिळवली होती. म्हणजे हत्याराची माहिती त्यांना शेनपेक्षा कमी नव्हती. तरी मुळशीत ते लोकांबरोबर जमिनीवर बसले. लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले. मुंबई-पुण्यातल्या ज्या रस्त्यांना सेनापती बापट यांचे नाव आहे, ते हेच बापट.

सुमारे वर्षभर काम थांबले. मग सरकारने कंपनीला मोबदला देऊन जमीन घेण्याची वाट मोकळी करून दिली. इथे आंदोलनात फूट पडली. खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्यातल्या जमीनदारांच्या नावावर होती. ते मोबदला घेऊन बाजूला व्हायला तयार झाले. जमीन प्रत्यक्ष कसणारी कुळे मात्र तयार नव्हती. कारण पैसे नाव असलेल्याला मिळणार होते आणि घर मात्र राबणाऱ्याचे बुडणार होते. माझा दुसरा प्रश्न होता, रोज राबते कोण? तो प्रश्न विचारायचा तो यासाठी.

सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. अनेक जण तुरुंगात गेले, त्यांत बायकाही होत्या. शेवटी शेवटी बापटांचा धीर सुटला. शांततेने ऐकत नाहीत तर बळाने अडवू, असे त्यांना वाटले. धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवल्याबद्दल त्यांना पकडले गेले आणि १९३१ पर्यंत ते तुरुंगात राहिले. धरण काही थांबले नाही. १९२७ साली भिऱ्याच्या वीजकेंद्रातून वीज वाहू लागली. गावे पाण्याखाली गेली.

इथे तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी मला अडवेल. "सर, शेनने तर खोरे वाचवले. मुळशीच्या सत्याग्रहींनी काय वाचवले? मग बंदूकच बरी नाही का?"

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. पहिली गोष्ट अशी की शेनचा विजय चित्रपटातला आहे. लेखकाने ठरवले, म्हणून तो जिंकला. खऱ्या वायोमिंगमध्ये काय झाले ते आपण वर पाहिले. दुसरी गोष्ट, मुळशीतही बळाचा मार्ग वापरून झाला. त्यानेही धरण थांबले नाही. उलट, वर्षभर काम थांबवले होते ते रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसांनी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बंदुकीची लढाई त्या दिवशीच संपते. हक्काची लढाई पुढच्या पिढीच्या हातात जाते.

ती कशी गेली ते पाहा. मुळशीची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. त्या कायद्यात शेतकऱ्याची संमती विचारायची तरतूदच नव्हती. स्वातंत्र्यानंतर कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्यांचा दिवस ठरला. जो जमीन कसतो त्याला मालक होण्याचा हक्क मिळाला. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पात जमीन गेलेल्यांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला. पुढे देशाने १८९४ चा कायदाच रद्द करून २०१३ साली नवा कायदा केला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल, तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असे त्यात म्हटले आहे. नाव असलेला मालकच नव्हे, तर त्या जमिनीवर पोट असलेली कुळे आणि मजूरही बाधित मानले आहेत. मुळशीच्या कुळांनी जे मागितले होते, ते कायद्यात यायला नव्वद वर्षे लागली. हे एकट्या मुळशीमुळे झाले असे नाही. देशभरातल्या कितीतरी लोकांनी त्यासाठी कष्ट सोसले. पण धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या पहिल्या लोकांत आपले मावळे होते.

कायदा झाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातल्या बऊर गावाजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, शेतकरी जमले होते. पवना धरणातले पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. आंदोलन चिघळले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यांत एक स्त्री होती. शहराला पाणी हवेच. पण तहान शहराची असते तशी शेताचीही असते. दोघांनी समोरासमोर बसून बोलायचे, की रस्त्यावर गोळी चालेपर्यंत वाट पाहायची, हा प्रश्न आजही आपल्यासमोर आहे.

आणखी एक गोष्ट आजची आहे. लोणावळा, मावळ आणि मुळशी भागात जमिनीला सोन्याचा भाव आला. बंगले झाले, हॉटेले झाली, मोठे रस्ते झाले. पुष्कळांनी जमीन विकली. पैसा आला तसा गेला आणि जमिनीचे मालक दुसऱ्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा मराठी चित्रपट आला. प्रवीण तरडे यांनी तो दिग्दर्शित केला. जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचा मुलगा हातात हत्यार घेतो, गुंडांच्या टोळीत शिरतो आणि अखेर त्याचाही तसाच अंत होतो, अशी ती गोष्ट आहे. चित्रपट मोठ्यांसाठी आहे. पण त्याचे सार मुलांनीही ऐकावे असे आहे. ज्याची जमीन जाते, त्याच्या हाती बंदूक आली, तरी जमीन परत येत नाही. मुलगाही जातो.

तेव्हा माझे मत मी स्पष्ट सांगतो. आपल्याला शेनसारख्या पाहुण्या वीराची गरज नाही. जो एक दिवस येतो आणि निघून जातो, त्याच्या भरवशावर गाव चालत नाही. 'शेन' चित्रपटातला मला आवडलेला प्रसंगही बंदुकीचा नाही. स्टारेटच्या अंगणात एका झाडाचा मोठा बुंधा असतो. त्याची मुळे खोल गेलेली असतात. शेन आणि स्टारेट दोघे कुऱ्हाडी घेऊन घाम गाळतात, खांदा लावतात आणि शेवटी तो बुंधा उखडून काढतात. एकट्याने जे झाले नसते ते दोघांनी केले. चित्रपटाची खरी शिकवण त्या अंगणात आहे, असे मला वाटते.

सेनापती बापटांचेही तसेच. त्यांनी हातात झाडू घेऊन गावाचे रस्ते झाडले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ज्याला लोक सेनापती म्हणत, त्याला झाडू धरायची लाज वाटली नाही. बंदूक धरायला क्षणाची हिंमत लागते. झाडू धरायला रोजची लागते.

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून लहान आहोत, आम्ही काय करणार? तुम्ही वाचू शकता. जमिनीची कागदपत्रे महाराष्ट्रात मराठीत असतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कोणाचा हक्क आहे, कोणते पीक आहे, हे लिहिलेले असते. कितीतरी घरांत हा कागद ट्रंकेत पडून असतो आणि तो कोणी वाचलेला नसतो. कोणी घाईघाईने अंगठा उठवायला सांगते आणि आजोबा अंगठा उठवतात. अशा वेळी घरातली नववीतली मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "थांबा आजोबा, मी आधी वाचून दाखवते," तर ती कोणत्याही घोडेस्वारापेक्षा शूर आहे. मराठी हा विषय तुम्ही गुणांसाठी शिकता, ते ठीकच आहे. पण त्याचा खरा उपयोग या दिवशी होतो.

ग्रामसभा कधी भरते ते विचारून घ्या. तिथे मोठ्यांनी जावे म्हणून घरी आग्रह धरा. शाळेजवळचे गायरान, ओढा किंवा मैदान कोणाच्या नावावर आहे, ते गुरुजींबरोबर जाऊन पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना एकदा शांतपणे विचारा, आपले कुटुंब इथे कोठून आले, आपली जमीन कोणती होती, ती कशी गेली किंवा कशी राहिली. प्रत्येक घरात अशी एक गोष्ट असते. तिच्यात बहुधा घोडे आणि पिस्तुले नसतात. कष्ट असतात, कागद असतात, आणि कोणीतरी कोणाला दिलेली साथ असते. ती गोष्ट वहीत उतरवून ठेवा. चित्रपटातला नायक मावळतीकडे निघून जातो. आपल्याला उद्या सकाळी इथेच उठायचे आहे.